समुद्राच्या पाण्यातील पोषद्रव्ये आणि लेश मूलद्रव्ये : मोजमापाची पद्धत

एक किलोग्रॅम समुद्रजलात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतला मोठा वाटा क्लोराइड, सोडियम, सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा. समुद्रातली जीवसृष्टी ज्यांच्यावर वाढते ती नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही पोषद्रव्ये आणि लोह, जस्त, तांबे यांसारखी लेश मूलद्रव्ये मात्र या क्षारांच्या तुलनेत अत्यल्प असतात. खोल समुद्रात नायट्रेट लिटरमागे सुमारे 40 मायक्रोमोलपर्यंत, फॉस्फेट सुमारे 3 मायक्रोमोलपर्यंत आणि उत्तर पॅसिफिकच्या तळाकडे सिलिकेट सुमारे 180 मायक्रोमोलपर्यंत पोहोचते. पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पती ही द्रव्ये शोषून घेत असल्याने तिथे नायट्रेट पुष्कळदा 0.1 मायक्रोमोलच्याही खाली जाते. लोहाचे प्रमाण त्याहून कमी, खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण 1 नॅनोमोल किंवा त्याहून कमी असते.

मोजमापातल्या अडचणी या दोन गोष्टींतून येतात. शोधायचे द्रव्य फार थोडे असते आणि त्याभोवतीचे मीठ फार असते. शिवाय शोधायचे तेच द्रव्य बाटलीत, हातावर, हवेत आणि रसायनांतही असते. त्यामुळे निष्कर्षाची विश्वासार्हता उपकरणाच्या किमतीपेक्षा नमुना घेण्याच्या, साठवण्याच्या आणि कोरी चाचणी, म्हणजेच ब्लँक, मोजण्याच्या शिस्तीवर जास्त अवलंबून असते.

नमुन्याचे नियोजन

कशासाठी मोजायचे हे ठरल्यावरच कुठे, केव्हा आणि किती नमुने घ्यायचे ते ठरते. किनाऱ्यालगत भरती-ओहोटीचा परिणाम मोठा असतो. कोकणातल्या खाडीत ओहोटीच्या शेवटी नदीचे आणि सांडपाण्याचे पाणी हाती लागते, तर भरतीच्या शेवटी त्याच जागी समुद्राचे पाणी असते. दोन महिन्यांच्या नमुन्यांची तुलना करायची असेल, तर ते भरतीच्या त्याच टप्प्यावर घेतलेले असावेत. शक्य तर उधाणाची उधाणाशी आणि भांगाची भांगाशी तुलना करावी. प्रत्येक नमुन्याबरोबर तापमान, क्षारता, खोली, वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत. क्षारतेची नोंद नसलेला खाडीतला नायट्रेटचा आकडा फारसा उपयोगी नसतो, कारण नदीच्या पाण्याचे प्रमाण किती होते हे त्यावरून कळत नाही.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऋतूचाही विचार करावा लागतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे, पोषद्रव्यांनी समृद्ध पण प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागात वर सरकते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गोव्याच्या किनाऱ्यापुढे तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. जिवाणू मग नायट्रेट वापरू लागतात आणि कधी हायड्रोजन सल्फाइडही तयार होते. अशा पाण्यात नायट्राइट आणि अमोनियम वाढलेले असतात, आणि सल्फाइडमुळे नायट्रेटच्या चाचणीतला कॅडमियमचा स्तंभ निकामी होऊ शकतो. नमुना उघडताच सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो वेगळा ठेवून सल्फाइड काढून टाकल्यावरच तपासावा.

पोषद्रव्यांसाठी नमुना

पोषद्रव्यांचे नमुने निस्किनसारख्या प्लॅस्टिकच्या नमुनापात्राने घेता येतात. पात्र वर आल्यावर सर्वप्रथम विरघळलेल्या वायूंचे नमुने काढावेत आणि त्यानंतर लगेच पोषद्रव्यांचे. साठवणीसाठी पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या वापराव्यात. सिलिकेटसाठी काचेची बाटली चालत नाही, कारण काचेतून सिलिका पाण्यात उतरते. बाटल्या सुमारे 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन शुद्ध पाण्याने खळखळून घ्याव्यात. धुण्याच्या पावडरींत फॉस्फेट असू शकते, म्हणून त्या टाळाव्यात. नमुना भरण्यापूर्वी बाटली आणि झाकण त्याच पाण्याने तीनदा विसळावे.

किनाऱ्यावरचे गढूळ पाणी गाळावेच लागते, नाहीतर तरंगते कण रंग मोजताना प्रकाश अडवतात आणि साठवणीत द्रव्ये शोषतात किंवा सोडतात. त्यासाठी 0.45 मायक्रोमीटरची गाळणी सर्रास वापरली जाते. नमुना सिलिकेटसाठीही असेल, तर काचतंतूंऐवजी सेल्युलोज ॲसिटेट किंवा पॉलिकार्बोनेटची गाळणी घ्यावी. गाळणीतूनही अशुद्धी येते, म्हणून पहिले थोडे पाणी टाकून द्यावे. खुल्या समुद्रातले स्वच्छ पाणी न गाळता तपासणेही मान्य आहे. गाळले की नाही हे मात्र नोंदवलेच पाहिजे.

साठवण जितकी कमी तितकी चांगली. अमोनियम एक-दोन तासांत मोजावे, कारण सूक्ष्मजीव ते सतत वापरत आणि सोडत असतात. इतर पोषद्रव्यांचे नमुने अंधारात, थंड ठेवून त्याच दिवशी मोजले तर उत्तम. ते शक्य नसेल, तर उणे 20 अंश सेल्सिअसला गोठवावेत. बाटली तीन-चतुर्थांशच भरावी आणि सरळ उभी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या बाटलीतला बर्फ फुगून खारट द्राव झाकणातून बाहेर पडतो, आणि गोठताना पोषद्रव्ये नेमकी त्याच द्रावात साठलेली असतात. गोठवल्याने सिलिकेटचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि चाचणीत पकडले जात नाहीत. म्हणून सिलिकेटचा नमुना वितळल्यावर किमान एक दिवस अंधारात ठेवून, नीट हलवून मगच मोजावा.

पाच चाचण्या

पोषद्रव्यांच्या नेहमीच्या चाचण्या रंगमापनावर आधारलेल्या आहेत. विक्रियाकारकाने रंग आणायचा आणि त्याची तीव्रता स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायची. स्ट्रिकलंड आणि पार्सन्स यांचे तसेच ग्रासहॉफ व सहकाऱ्यांचे हस्तपुस्तक या पद्धतींसाठी दीर्घकाळ प्रयोगशाळांत वापरले जात आहे.

फॉस्फेटसाठी मर्फी आणि रायली यांनी 1962 मध्ये मांडलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते. सल्फ्युरिक आम्ल, अमोनियम मॉलिब्डेट, ॲस्कॉर्बिक आम्ल आणि पोटॅशियम अँटिमोनिल टार्ट्रेट यांच्या मिश्रणाने निळा रंग येतो आणि तो 880 ते 885 नॅनोमीटरला मोजतात. अँटिमनीमुळे रंग काही मिनिटांत पूर्ण येतो. वाचन 10 ते 30 मिनिटांच्या आत घ्यावे, कारण पाण्यातले आर्सेनेटही सावकाश तसाच रंग देते. ही पद्धत फॉस्फेटबरोबर सहज तुटणारी काही सेंद्रिय संयुगेही पकडते. म्हणून अहवालात ‘विक्रियाशील विद्राव्य फॉस्फरस’ असा उल्लेख जास्त अचूक ठरतो.

नायट्राइटची चाचणी ग्रीस विक्रियेवर चालते. आम्लयुक्त सल्फॅनिलामाइड घालून 2 ते 8 मिनिटे थांबायचे, मग नॅफ्थिलएथिलीनडायअमीन घालायचे. आलेला गुलाबी रंग 540 नॅनोमीटरच्या आसपास, 10 मिनिटांनंतर आणि दोन तासांच्या आत मोजावा. पाचांपैकी ही सर्वांत सोपी आणि भरवशाची चाचणी आहे.

नायट्रेट थेट रंग देत नाही. तांब्याचा लेप दिलेल्या कॅडमियमच्या कणांच्या स्तंभातून पाणी सोडून त्याचे नायट्राइट केले जाते आणि मग ग्रीस विक्रिया वापरली जाते. वुड, आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड्स यांनी 1967 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतून हा प्रघात रुळला. नमुन्यात अमोनियम क्लोराइड घालून पीएच सुमारे 8 ते 8.5 राखतात. स्तंभ कधीही कोरडा पडू देऊ नये आणि त्यात हवेचे बुडबुडे शिरू देऊ नयेत. त्याची कार्यक्षमता रोज तपासावी. त्यासाठी नायट्रेटचे आणि नायट्राइटचे सारख्याच संहतीचे प्रमाण द्रावण स्तंभातून सोडून दोन्हींची तुलना करतात. कार्यक्षमता 95 टक्क्यांखाली गेली की स्तंभ पुन्हा तयार करावा.

हिशेबात नायट्राइट वजा करणे विसरू नये. समजा, स्तंभानंतर एकूण 12.0 मायक्रोमोल मिळाले, स्तंभाशिवाय नायट्राइट 0.6 मायक्रोमोल होते आणि कार्यक्षमता 96 टक्के आहे. तर नायट्रेट (12.0 − 0.6) ÷ 0.96, म्हणजे सुमारे 11.9 मायक्रोमोल होते. अरबी समुद्रात प्राणवायू फार कमी असलेल्या थरात नायट्राइट काही मायक्रोमोलपर्यंत वाढलेले असते, तिथे ही वजाबाकी चुकली तर नायट्रेटचा आकडा पुरता बिघडतो.

सिलिकेट आम्लयुक्त मॉलिब्डेटबरोबर पिवळे संयुग बनवते. नंतर ऑक्झॅलिक आम्ल घालून फॉस्फेटपासून बनलेले तसलेच संयुग मोडतात, आणि मेटॉल किंवा ॲस्कॉर्बिक आम्लाने क्षपण करून आलेला निळा रंग 810 नॅनोमीटरला मोजतात. विक्रियाकारक घालण्याचा क्रम आणि मधले अंतर प्रत्येक नमुन्यात सारखेच ठेवावे. तयार द्रावणेही प्लॅस्टिकच्याच बाटल्यांत ठेवावीत.

अमोनियम हे सर्वांत त्रासदायक. फिनॉल आणि हायपोक्लोराइट यांच्यामुळे, नायट्रोप्रुसाइडच्या उत्प्रेरणाने, निळे इंडोफिनॉल तयार होते. ते 630 ते 640 नॅनोमीटरला मोजतात. विक्रिया अल्कधर्मी असल्याने मॅग्नेशियमचा साका पडू शकतो, तो रोखण्यासाठी सायट्रेट घालतात. हवेतला अमोनिया, घाम, सिगारेटचा धूर आणि फरशी पुसण्याचे द्रावण हे सगळे नमुन्यात शिरतात. म्हणून ही चाचणी वेगळ्या खोलीत, झाकण लावलेल्या नळ्यांत करावी आणि त्या दिवशी त्या खोलीत अमोनियम क्लोराइडची बाटली उघडू नये. नायट्रेटच्या चाचणीत तेच रसायन लागत असल्याने दोन्ही चाचण्या एका टेबलावर मांडणे ही नेहमीची चूक ठरते. फार कमी संहतीसाठी ऑर्थोप्थॅलडायअल्डिहाइड वापरणारी प्रतिदीप्तीची पद्धत जास्त संवेदनशील आहे.

नमुने थोडे असतील तर या चाचण्या हाताने करता येतात. रोज शेकडो नमुने असतील तर अखंड प्रवाहाचे स्वयंचलित विश्लेषक वापरतात. लिओनार्ड स्केग्ज यांनी 1957 मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ते आधारलेले आहेत. नळीतल्या द्रावणात हवेचे बुडबुडे सोडून एक नमुना दुसऱ्यात मिसळू दिला जात नाही. रसायनशास्त्र तेच राहते, म्हणून हाताची चाचणी नीट समजलेल्या माणसालाच यंत्रातला बिघाड लवकर कळतो.

प्रमाण द्रावण, ब्लँक आणि मिठाचा परिणाम

प्रमाण द्रावणासाठी पोटॅशियम नायट्रेट, सोडियम नायट्राइट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, अमोनियम सल्फेट आणि सोडियम हेक्साफ्लुरोसिलिकेट ही शुद्ध रसायने घेतात. उदाहरणार्थ, वाळवून गार केलेले 1.011 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट एक लिटर पाण्यात विरघळवले की 10 मिलिमोलचे मूळ द्रावण मिळते. त्यातले 10 मिलिलिटर पुन्हा एक लिटर केले की 100 मायक्रोमोलचे मधले द्रावण मिळते. रोजची कामाची द्रावणे त्यापासून त्याच दिवशी करावीत. मूळ द्रावणाची नवी बाटली जुन्या बाटलीशी ताडून पाहिल्याशिवाय वापरात आणू नये.

क्यूव्हेटची, म्हणजे रंग मोजताना द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीची, लांबी संहतीप्रमाणे निवडावी. फॉस्फेटच्या निळ्या रंगाचा मोलर शोषणांक सुमारे 22,700 आहे. त्यामुळे 1 मायक्रोमोल फॉस्फेट 1 सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये केवळ 0.023 इतके शोषण देते, तर 10 सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये सुमारे 0.23. पृष्ठभागावरच्या विरळ पाण्यासाठी लांब क्यूव्हेटला पर्याय नाही.

ब्लँक तीन प्रकारांचे असतात आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला विक्रियाकारकांचा : शुद्ध पाण्यात सर्व रसायने घालून. दुसरा गढूळपणाचा : नमुन्यात रंग आणणारा एक घटक वगळून बाकीचे घालून. तिसरा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा : खारट पाणी आणि शुद्ध पाणी क्यूव्हेटमधून प्रकाश वेगवेगळा वळवतात, त्यातून येणारा फरक. विरळ नमुन्यात हे तिन्ही वजा केल्याशिवाय मिळालेल्या आकड्याला अर्थ राहत नाही.

सिलिकेट आणि अमोनियम यांच्या रंगावर क्षारतेचा परिणाम होतो. त्यामुळे प्रमाण द्रावणे नमुन्याच्या क्षारतेच्या पाण्यात करावीत. त्यासाठी पोषद्रव्ये फार कमी असलेले खुल्या समुद्राचे पृष्ठजल गाळून, साठवून ठेवतात, किंवा कृत्रिम समुद्रजल बनवतात. बाजारातल्या मिठातही फॉस्फेट, सिलिकेट आणि अमोनियम असते, म्हणून कृत्रिम पाण्याचाही ब्लँक काढावा. खाडीत दर नमुन्याला क्षारता बदलत असेल तर प्रमाण-भर पद्धत वापरावी. नमुन्याचे भाग करून त्यांत ज्ञात प्रमाणात द्रव्य घालायचे, शोषण कसे वाढते ते पाहायचे आणि त्या उतारावरून मूळ संहती काढायची.

लेश मूलद्रव्यांसाठी नमुना

इथे शिस्त कितीतरी कडक लागते. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत समुद्रातल्या अनेक धातूंचे प्रसिद्ध झालेले आकडे आज वापरात नाहीत, कारण त्यांत समुद्रातल्या धातूपेक्षा जहाजातला आणि प्रयोगशाळेतला धातू जास्त मोजला गेला होता. क्लेअर पॅटरसन यांच्या शिशावरच्या कामाने ही गोष्ट लख्ख दाखवली. 1976 मध्ये बॉइल, स्क्लेटर आणि एडमंड यांनी कॅडमियम खोलीनुसार फॉस्फेटप्रमाणेच बदलते असे दाखवले. लोहाचे विश्वसनीय आकडे 1980 च्या दशकात, जॉन मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामापासून मिळू लागले.

दूषण किती सहज होते ते एका हिशेबावरून दिसेल. गंजाचा 1 मायक्रोग्रॅमचा, डोळ्यांना सहज न दिसणारा कण 250 मिलिलिटरच्या बाटलीत पडला आणि आम्लात विरघळला, तर त्यातले सुमारे 0.7 मायक्रोग्रॅम लोह पाण्यातली लोहाची संहती लिटरमागे 50 नॅनोमोलने वाढवते. खुल्या समुद्रातल्या खऱ्या लोहाच्या ते पन्नासपट किंवा त्याहून अधिक आहे.

जहाज स्वतःच लोहाचे असते. त्याच्या तळाला तांबेयुक्त रंग आणि जस्ताचे संरक्षक ठोकळे लावलेले असतात. म्हणून पाण्यात सोडायची चौकट प्लॅस्टिकचा लेप दिलेली, दोर केव्हलारचा किंवा लेप दिलेला आणि पात्रे गो-फ्लोसारखी, आतून टेफ्लॉन चढवलेली असावीत. नेहमीच्या निस्किन पात्रातली रबरी दोरी जस्त सोडते, ती काढून बाहेरून बंद होणारी पात्रे वापरतात. लहान होडीतून नमुना घ्यायचा असेल तर होडी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने हळू पुढे न्यावी, पुढच्या टोकावरून प्लॅस्टिकच्या लांब दांड्याला बांधलेली बाटली पृष्ठभागाखाली उघडावी, आणि पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा आत येऊ देऊ नये. एंजिन चालू असताना त्याच्या मागच्या बाजूने घेतलेला नमुना धातूंसाठी निरुपयोगी असतो.

दोन माणसांनी काम वाटून घेणे फार उपयोगी पडते. एकजण दांडा, दोर, बाहेरची पिशवी हाताळतो; दुसरा फक्त आतली पिशवी आणि बाटली. हातमोजे पावडर नसलेले असावेत, कारण पावडरीत जस्त असते. रंगीत प्लॅस्टिक, धातूचे चिमटे, रबरी बुचे आणि पिपेटचे धातूचे भाग नमुन्याजवळ आणू नयेत.

बाटल्या पॉलिएथिलीनच्या घ्याव्यात. त्या आधी फॉस्फेटमुक्त साबणद्रावणात, मग सुमारे 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात प्रत्येकी काही दिवस ते आठवडाभर बुडवून ठेवाव्यात, अतिशुद्ध पाण्याने धुवाव्यात आणि सौम्य शुद्ध आम्ल भरून दुहेरी पिशवीत ठेवाव्यात. पाऱ्यासाठी मात्र काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली लागते, कारण पाऱ्याची वाफ पॉलिएथिलीनमधून आरपार जाते.

धातूंच्या बाबतीत ‘विरघळलेले’ म्हणजे गाळणीतून गेलेले, एवढाच व्यवहारी अर्थ आहे. खुल्या समुद्रात 0.2 मायक्रोमीटरची गाळणी रूढ आहे, किनाऱ्यावर 0.45 चीही वापरतात. गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांतून लोहखनिजाच्या बार्जची दीर्घकाळ वाहतूक झाली आहे. अशा पाण्यात तरंगते लोह पुष्कळ असते, आणि गाळणीच्या छिद्रांचा आकार बदलला की ‘विरघळलेल्या’ लोहाचा आकडाही बदलतो. गाळणे आम्ल घालण्याच्या आधी झालेच पाहिजे, नाहीतर आम्ल कणांतला धातू विरघळवते.

गाळल्यावर लगेच अतिशुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच सुमारे 1.7 ते 1.8 वर आणतात. त्यासाठी नमुन्यातली आम्लाची संहती 0.024 मोलर एवढी लागते. आम्लामुळे धातू बाटलीच्या भिंतीला चिकटत नाहीत आणि सेंद्रिय बंधांतून सुटतात. सेंद्रिय रेणूंशी घट्ट बांधलेले कोबाल्ट आणि तांबे पूर्ण सुटण्यासाठी अतिनील प्रकाशाची प्रक्रियाही करावी लागते. आम्लीकरणानंतर काही आठवडे थांबून मापन करणे चांगले. धातूंचे नमुने गोठवण्याची गरज नसते.

मापनाची साधने

धातू मोजण्याचे प्रमुख साधन म्हणजे आयसीपी-एमएस. त्यात प्लाझ्मामध्ये अणूंचे आयन करून त्यांच्या वस्तुमानानुसार ते मोजले जातात. समुद्रजल त्यात थेट सोडता येत नाही. मीठ उपकरणाच्या शंकूंवर साचते, आणि प्लाझ्मात तयार होणारे संयुक्त आयन खऱ्या धातूच्या जागी दिसतात. आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून लोह-56 ची नक्कल करतात, आर्गॉन आणि सोडियम तांबे-63 ची, आर्गॉन आणि क्लोरिन आर्सेनिक-75 ची, तर मॉलिब्डेनम ऑक्साइड कॅडमियमच्या समस्थानिकांची.

म्हणून आधी धातू मिठापासून वेगळे करून संहत करतात. नमुन्याचे पीएच सुमारे 6 करून तो नोबियास किंवा चेलेक्ससारख्या धातू पकडणाऱ्या रेझिनमधून सोडतात. सोडियम, मॅग्नेशियम, क्लोराइड निघून जातात आणि धातू अडकतात. मग थोड्या सौम्य नायट्रिक आम्लाने ते उतरवतात. शंभर मिलिलिटर पाण्यातले धातू पाच मिलिलिटरमध्ये आले की संहती वीसपट होते. ही क्रिया स्वयंचलित यंत्रांतही करता येते. रेझिनमधून किती धातू परत मिळाला हे प्रत्येक खेपेला तपासावे. समस्थानिक-विरलन पद्धतीत नमुन्यात सुरुवातीलाच दुर्मिळ समस्थानिक ज्ञात प्रमाणात घालतात. मग मधली तूट हिशेबात आपोआप भरून निघते. मँगनीज आणि कोबाल्ट यांना एकच स्थिर समस्थानिक असल्याने त्यांना ही पद्धत लागू पडत नाही, तिथे प्रमाण-भर वापरतात.

आयसीपी-एमएस नसेल तरी मार्ग आहेत. ग्रॅफाइट भट्टीचे अणुशोषण उपकरण पूर्वसंहतीकरणानंतर चांगले काम देते. जस्त, कॅडमियम, शिसे, तांबे यांसाठी ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टमेट्री खाऱ्या पाण्यात थेट वापरता येते. धातू आधी विद्युतअग्रावर जमवायचे आणि नंतर विद्युतदाब बदलून एकेक उतरवताना प्रवाह मोजायचा. निकेल आणि कोबाल्टसाठी डायमेथिलग्लायॉक्झाइम वापरून कॅथोडिक पद्धत वापरतात. जहाजावरच लोह पाहायचे असेल तर ल्युमिनॉलच्या प्रकाशविक्रियेवर चालणारी प्रवाह पद्धत उपयोगी पडते. पाऱ्याचे ब्रोमिन मोनोक्लोराइडने ऑक्सिडीकरण आणि मग स्टॅनस क्लोराइडने क्षपण करून त्याची वाफ अणुप्रतिदीप्तीने मोजतात.

ही सर्व कामे गाळलेल्या हवेच्या प्रवाहात करावीत. संपूर्ण स्वच्छ खोली परवडत नसेल तर हेपा गाळणीचा एक टेबल-कक्ष, चिकट चटई आणि वेगळी पादत्राणे एवढ्याने सुरुवात करता येते.

गुणवत्तेची तपासणी

प्रत्येक दिवसाच्या मालिकेत सुरुवातीला, मधे आणि शेवटी ब्लँक असावेत, दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना असावा आणि ज्ञात संहतीचा नियंत्रण नमुना असावा. ब्लँकच्या वारंवार मोजणीतून मिळणाऱ्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे शोधमर्यादा. त्याखालचा निकाल ‘शोधमर्यादेखाली’ असा लिहावा, शून्य लिहू नये. प्रयोगशाळेतला ब्लँक पुरेसा नाही. अतिशुद्ध पाणी नावेवर नेऊन, तिथेच पात्रातून आणि गाळणीतून काढून, नमुन्यासारखेच हाताळलेले क्षेत्रीय ब्लँक घेतल्याशिवाय प्रवासात काय मिसळले ते कळत नाही.

प्रमाणित संदर्भ नमुने बाहेरच्या कसोटीचे काम करतात. पोषद्रव्यांसाठी जपानच्या कान्सो संस्थेचे आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे मूस मालिकेतले नमुने, तर धातूंसाठी त्याच परिषदेचे नास आणि कास मालिकेतले नमुने उपलब्ध आहेत. खुल्या समुद्रातल्या लोहासाठी ‘सेफ’ नमुन्यांवर अनेक प्रयोगशाळांनी एकमत साधले. त्यांतल्या पृष्ठभागाच्या नमुन्यात लोह सुमारे 0.09 नॅनोमोल प्रति किलोग्रॅम आहे. 2010 पासून महासागर पालथे घालणाऱ्या जिओट्रेसेस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने अशा आंतरतुलनेशिवाय आकडे स्वीकारायचे नाहीत, असे धोरण ठेवले. भारतातून अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या कार्यक्रमात सहभागी आहे.

सुरक्षिततेकडेही तितकेच लक्ष द्यावे. कॅडमियम, फिनॉल आणि नमुने टिकवण्यासाठी कधी वापरला जाणारा मर्क्युरिक क्लोराइड हे विषारी आहेत. त्यांचे टाकाऊ द्रव वेगवेगळ्या बाटल्यांत जमा करून धोकादायक कचरा म्हणून द्यावेत, मोरीत ओतू नयेत.

एककांचा घोळ आणि अहवाल

एककांतला गोंधळ हे चुकीच्या तुलनांचे मोठे कारण आहे. 1 मायक्रोमोल नायट्रेट म्हणजे नायट्रेट म्हणून 62 मायक्रोग्रॅम, पण नायट्रोजन म्हणून 14 मायक्रोग्रॅम. फरक जवळजवळ साडेचारपट. फॉस्फेटचे 1 मायक्रोमोल फॉस्फेट म्हणून 95, फॉस्फरस म्हणून 31 मायक्रोग्रॅम, फरक तिप्पट. जुन्या शोधनिबंधांतले ‘मायक्रोग्रॅम-अणू प्रति लिटर’ हे एकक या पोषद्रव्यांच्या बाबतीत मायक्रोमोल प्रति लिटरइतकेच असते. लिटरवरून किलोग्रॅमवर जायचे तर समुद्रजलाच्या घनतेने, सुमारे 1.025 ने, भागावे लागते. पर्यावरण संरक्षण नियमांनी भारताच्या किनारी पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. त्यांच्या निकषांशी किंवा प्रदूषण मंडळाच्या अहवालाशी तुलना करताना एकक आणि ते कोणत्या रूपात दिले आहे ते आधी वाचावे.

अहवालात पद्धत, गाळणीचे छिद्र, साठवणीचा प्रकार आणि काळ, ब्लँकचे मूल्य, शोधमर्यादा, संदर्भ नमुन्याचा मिळालेला आणि अपेक्षित आकडा, आणि भरतीचा टप्पा दिलेला असावा. एवढी माहिती असली की दुसरी प्रयोगशाळा दहा वर्षांनीही तो आकडा वापरू शकते.

शेवटची तपासणी समुद्राच्या स्वतःच्या नियमांनी करता येते. खोलीनुसार काढलेली रेषा सलग असावी. एकच बिंदू उडालेला दिसला तर त्या पात्राची क्षारता तपासावी, म्हणजे पात्र चुकीच्या खोलीवर बंद झाले का ते कळते. खोल समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे गुणोत्तर रेडफिल्ड यांनी दाखवल्याप्रमाणे 16 च्या आसपास येते. कॅडमियम फॉस्फेटबरोबर आणि जस्त सिलिकेटबरोबर चालते. एखाद्या नमुन्यात जस्त एकटेच उंच गेले आणि सिलिकेट जागचे हलले नाही, तर बहुधा दोष नमुना हाताळण्यात असतो. नियमाला खरे अपवादही असतात. अरबी समुद्रात प्राणवायू संपलेल्या थरात जिवाणू नायट्रेट खर्च करतात आणि हे गुणोत्तर 16 च्या बरेच खाली जाते. त्याच पाण्यातले नायट्राइट आणि प्राणवायू मोजलेले असले, तरच ती घट खरी की चाचणीतली चूक, याचा निवाडा करता येतो.